अकरा दिवसांची नोंद

काटा एका जागी स्थिर राहू शकतो, हे रीडिंगभाऊंना मान्यच नव्हतं. आमच्या पोलाद कारखान्याच्या पंपहाऊसमधल्या मोठ्या पाइपवरचा दाबाचा काटा वर्षानुवर्षं एकाच आकड्याला चिकटलेला. तरी हे गृहस्थ दर तासाला खुर्चीतून उठणार, चालत पार त्या टोकाला जाणार, चष्मा कपाळावर चढवून काटा न्याहाळणार आणि परत येऊन लॉगबुकात तोच आकडा लिहिणार. त्यांचं खरं नाव गेटपासवर होतं. प्लांटमध्ये ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा आम्हां पोरांची एक रीत होती. पाळीवर यायचं, डबा ठेवायचा आणि आठही तासांची रीडिंगं एका बैठकीत भरून मोकळं व्हायचं. आकडा बदलणारच नसेल तर पायपीट कशाला? पहिल्याच आठवड्यात मीही तेच केलं. भाऊंनी माझं पान पाहिलं, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"कारे, घड्याळात तीन वाजून राहिले आन तुह्या पुस्तकात नऊ? जेवून बी आला का घरून?"

सगळे हसले. मग ते जवळ येऊन म्हणाले, "काटा काय म्हणते ते लिव. तुले काय वाटते ते कोनी इचारलं नाही." मला असा संताप आला होता, की महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

घरीही तेच. सेक्टर सहाच्या क्वार्टरात नळाला पाणी कधी आलं नि कधी गेलं याची वही होती. निवृत्त होऊन मरोद्याला घर बांधलं, तर सामानाआधी वही तिकडे गेली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "हा मानूस माह्या बोलन्याचं बी रीडिंग घेते. कालच्यापक्षा आज जास्त बोलली म्हनते." त्यांना मूलबाळ नव्हतं. मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहत होतो, त्यामुळे त्या घरचा हक्काचा माणूस मीच.

मग एका वर्षी सुपेल्याच्या बाजारात भाऊंनी सायकल सरळ भाजीच्या ठेल्यात घातली. चार दिवसांनी पुन्हा. उजवीकडचं त्यांना दिसेनासं झालं होतं. जेवताना मीठ मागायला शब्द सापडेना. रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला आणि कळलं, मेंदूचा कॅन्सर, तोही सगळ्यांत झपाट्याने वाढणारा. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. गाठ काढली आहे, पण ती परत येणार, एवढं त्यांनी भाऊंच्या समोरच सांगितलं.

त्याच बाईंनी चाचणीचं विचारलं. एका नव्या औषधाची पारख चालली होती. नेहमीचं औषध सगळ्यांनाच, पण त्याच्या जोडीला निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कुठली, हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना. फायदा होईलच असं नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. वहिनींनी आणि मी त्यातलं फक्त 'नवं औषध' एवढंच ऐकलं. भाऊंनी मात्र सगळं ऐकलं. ते अडखळत म्हणाले, "माह्यं रीडिंग... पुढच्याले कामी येईन?"

येईल, बाई म्हणाल्या.

"मंग लिवा नाव."

घरी रोज भरायला एक डायरी मिळाली. गोळी घेतली का, उलटी झाली का, झटके आले का, डोकं किती दुखलं. भाऊ खूश. पहिले दोन महिने त्यांनी ती स्वतः भरली. मग उजवा हात गेला, अक्षरंही ओळखू येईनात, आणि लेखणी माझ्याकडे आली. पहिली पाळी उरकून मी दुपारी त्यांच्या घरी जायचो. ते एकेक शब्द शोधून सांगायचे, मी लिहायचो.

एका मंगळवारी त्यांनी सांगितलं, सकाळी दोन झटके आले, गोळी उलटून पडली. मी पेन टेकवलं, तोच स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी हातानेच नको नको केलं. दवाखान्यात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, फार त्रास दिसला की नाव कापतात. नाव कापलं की औषध बंद, आणि औषध बंद म्हणजे माणूस गेला. मी लिहिलं, 'त्रास नाही. गोळी घेतली.' खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"वाचून दाखव," भाऊ म्हणाले. मी त्यांनी सांगितलेलंच तोंडी म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली. असं मी अकरा दिवस केलं.

पुढच्या खेपेला एमआरआयमध्ये गाठ परत आलेली दिसली, आधीपेक्षा मोठी. औषध बंद झालं. डायरी चाळताना डॉक्टरबाई जरा थबकल्या. भाऊ व्हीलचेअरवर ताठ बसले आणि म्हणाले, "सगळं... लिवलं हाय. एक बी दिवस सुटला नाही." इतकी नीट डायरी फार थोडे लोक ठेवतात, असं म्हणून बाईंनी त्यांचे आभार मानले. भाऊंचा चेहरा असा खुलला, की माझ्याच्याने तिकडे बघवेना. लाज वाटली, नुसती लाज.

आठवडाभर मी ते पोटात ठेवलं. मग राहवेना. एका दुपारी वहिनी बाहेर गेल्या असताना त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, मला तेच हवंही होतं. ते छताकडे बघत म्हणाले, "आता... पुढच्याले काय सांगशीन?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलणं गेलं होतं की बोलायचं नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही. दोन आठवड्यांनी भाऊ गेले.

तेरवी झाल्यावर मी एकटाच रायपूरला गेलो आणि डॉक्टरबाईंना कबुली दिली. झटके आले म्हणून कोणाचं नाव कापत नाहीत, त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी डायरी मागवली, ती अकरा पानं काढली आणि विचारलं, खरं काय झालं होतं ते एकेक दिवस सांगा.

मंगळवारचं सांगितलं. बुधवारचं सांगितलं. पुढच्या दोन दिवसांचं चाचपडत सांगितलं. त्या पेन धरून थांबल्या होत्या. भाऊंनी रोज धडपडून शब्द शोधून सांगितलं होतं, आणि मला उरलेले सात दिवस आठवत नव्हते.