जोतिबाच्या चढावर बंद पडलेली पिकअप

आज गॅरेजमध्ये फिल्टर सोडवताना हातावर डिझेल सांडलं आणि त्या वासानं मला थेट जोतिबाच्या चढावर नेऊन सोडलं.

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पिकअप तेव्हा चढाला अडखळायची, गचके देऊन बंद पडायची. मी मिस्त्री. फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, पंप तपासून आणला. मी चालवली की गाडी झकास पळायची. आण्णा बसले की पुन्हा तेच. शेवटी त्यांना चालवायला लावलं आणि इंजिनाकडं कान देऊन शेजारी बसलो.

वळणावर वेग कमी झाला, गाडीनं दोन गचके दिले आणि ती थांबली.

“काय ऐकू आलं का रं?” आण्णांनी विचारलं.

“गाडीत काय बी न्हाय, आण्णा!” मी वैतागलो.

“मग बरं हाय की,” ते म्हणाले, आणि हातानं डावा पाय उचलून क्लचवर ठेवला.

दोन महिन्यांनी त्यांची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, “पाय आधीपासून दगा देत असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

मी बघितलं होतं. बघून खाली उतरलो होतो आणि बॉनेट उघडलं होतं.