डालग्यावरचं कुलूप

आमची आई, यमुनाबाई, २००७च्या दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी डोळखांबच्या पुढच्या आमच्या पाड्यावर, राहत्या घरी वारली. भातझोडणी चालू होती. खळ्यावरून पाणी प्यायला घरात आली, ओटीवर टेकली, ती उठली नाही. मला मुरबाडला दिलेलं. बातमी शेजारच्या काशीकाकीने कुणाच्या तरी मोबाइलवरून कळवली. ती रडत होती. तरी फोन ठेवण्याआधी तिने दुसरी बातमीही दिली... "आनि कोंबडी बसलेली हाय गो. तिचं काय करायचं, ते दादाला इचार."

ही दुसरी बातमी किरकोळ नव्हती. वडील गेले १९९६ला. त्यानंतर माझा थोरला भाऊ, दादा, आईला कल्याणला न्यायच्या मागे लागला. तो तिथे कंपनीत नोकरीला होता, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, वहिनीची ना नव्हती. आई नाही म्हणत नसे. ती म्हणे, "येते ना. कोंबडी बसलीय, तेवढी उठू दे." खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवली की पिलं बाहेर पडायला तीन आठवडे लागतात. दादा तीन आठवडे थांबे आणि परत येई. तेव्हाही पाटीत कोंबडी बसलेली असे.

"मागच्या वेळची उठली ना?"

"उठली. ही काशीची."

पाड्यावर कोंबड्या वाट्याने बसवायची रीत आहे. एकीची खुडूक कोंबडी, दुसरीची अंडी, पिलं अर्धी-अर्धी. आईने ही रीत कामाला लावली. तिची कोंबडी उठायच्या बेताला आली की ती काशीकाकीची मागून आणी, आणि काकीची उठेपर्यंत तिची दुसरी तयार असे. पाटीत पेंढा, पेंढ्यात अंडी, अंड्यांत, आभाळातल्या विजेच्या कडकडाटाने ती नासू नयेत म्हणून, एक कोळसा आणि एक खिळा. ही पाटी पुढची कित्येक वर्षं रिकामी राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

तिला कल्याणला का जायचं नव्हतं, हे तिने लपवलं नव्हतं. घराला कुलूप लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. "कुलूप लावलंस ना, तर उंदीर सातबाऱ्यावर नाव चढवतील," असं ती दादाला सांगे. दादाने तरीही एकदा कल्याणहून मुठीएवढं पितळी कुलूप आणलं. आईने ते हातात तोलून बघितलं, चांगलं वजनदार आहे म्हणाली आणि ठेवून घेतलं. रात्री कोंबडीच्या पाटीवर बांबूचं डालगं उपडं घालायची, त्यावर वजनाला ते कुलूप. "मांजराची टाप नाय आता." डालगं दाबून ठेवायला दादाचं कुलूप पुरेसं आहे, हे तिने पाड्यावर सगळ्यांना कौतुकाने दाखवलं.

काम तिला कधी पुरलंच नाही. चिखलणी, लावणी, निंदणी, कापणी, वरच्या माळावर नाचणी, सरपणाचा भारा, शेणाच्या गोवऱ्या. चालता चालता जेवायची. आम्ही भेटून परत निघालो की आमच्या हातात तिने दिलेला पत्र्याचा डबा असायचाच. वर तांदूळ, आणि तांदळाच्या पोटात अंडी, फुटू नयेत म्हणून. हे ती सांगायची नाही. वहिनीला पहिल्यांदा अंडं सापडलं ते भाताचं आधण ठेवल्यावर, माप तांदळात खुपसताना. तिने फोन करून विचारलं, तांदळात अंडं कसं आलं? पाड्यावर तेव्हा फोन काशीकाकीच्या जावयाकडे. निरोप्यामार्फत उत्तर आलं... "कोंबडीनं घातलं."

२००१च्या हिवाळ्यात दादाने हट्टच धरला. कोंबडी बसलेली असली तरी कोंबडीसकट चल, म्हणाला. आईने त्याचा शब्द मोडला नाही. पाटी मांडीवर, पाटीवर पदर, पदराखाली कोंबडी आणि कोंबडीखाली अंडी, अशी ती एसटीत चढली. मी सोबत होते. कंडक्टरने पदर हलताना पाहिला.

"आजी, कोंबडीचं तिकीट लागंल."

"ती माझ्या मांडीवर हाय. तुमची जागा तिनं कुठं अडवली?"

"नियम हाय."

"मग अंड्यांचं कसं धरता? त्यांच्यात अजून कोन कोन हाय, ते मलाबी ठाव नाय."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कंडक्टरने पुढच्या प्रवाशाकडे हात केला.

कल्याणला कोंबडी न्हाणीघरात बसली. घरातल्यांनी आंघोळी आवाज न करता उरकल्या. पिलं निघाली त्या दिवशी तिन्ही मजल्यांवरची पोरं जिन्यात रांगेने उभी होती. बिल्डिंगचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. आईने त्यांच्या तळहातावर एक पिलू ठेवलं. त्यांनी आवाज खाली आणून, हे किती दिवस चालणार, एवढंच विचारलं.

"तेच सांगते मी पोराला," आई म्हणाली. "पिलांना हितं उकिरडा नाय. उकरतील कुठं?"

दादाने खिडकीतून खाली बघितलं. खाली फरशी होती. आठवड्याने तो स्वतः आईला, कोंबडीला आणि पिलांना पाड्यावर सोडून आला. त्यानंतर कल्याणचा विषय त्याने काढला नाही. फक्त कुलूप परत मागितलं. ते मिळालं नाही.

आई गेली तेव्हा कोंबडी बसून चारच दिवस झाले होते. घर माणसांनी भरलं, रडारड झाली, दहावा झाला. कोंबडी उठली नाही. तेराव्याच्या संध्याकाळी सगळे निघायच्या तयारीत होते. दादाने मागचं दार लावलं, भांडी पालथी घातली आणि पुढच्या दारासाठी कुलूप शोधू लागला. घरात एकच कुलूप होतं. तो डालग्यापाशी जाऊन उभा राहिला. काशीकाकी ओटीवरून बघत होती.

"काढ," ती म्हणाली. "मांजर भाताच्या उडव्यामागं बसलंय."

दादाने हात मागे घेतला. वहिनीला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. कोंबडी उठू दे.

चार दिवसांनी पिलं निघाली. एक अंडं वाया गेलं. बाकीच्यांची अर्धी वाटणी काशीकाकीने पदरात नेली आणि तासाभराने आपली खुडूक कोंबडी काखेत घेऊन परत आली. अंडी आईच्याच टोपलीत शिल्लक होती. दादाने पेंढा बदलला. कोळसा आणि खिळा कुठे ठेवायचा, ते काकीला विचारून घेतलं.

आता तो शनिवारी कल्याणहून येतो आणि सोमवारी पहाटे पाड्यावरूनच कामाला जातो. मधले दिवस काशीकाकी दाणे टाकते. गेल्या रविवारी मी त्याला फोन करून विचारलं, घराचं काय ठरवलंस? तो म्हणाला, "बघू. कोंबडी बसलीय, तेवढी उठू दे."

पुढच्या दाराला कडी आहे. कुलूप डालग्यावर आहे.