भाव सांगून गप्प बसणं

बोईसरच्या कारखान्यांतली रिकामी पिंपं मी उचलतो, धुऊन विकतो. वडिलांकडून काही मिळालं नाही. जागा, टेम्पो, गिऱ्हाईक, सगळं माझ्या तोंडाच्या जोरावर उभं केलं, आणि ते तोंड तिखट आहे. पण भाव एकदा सांगून झाला की मी गप्प बसतो, दुसरीकडे बघतो. आधी जो बोलतो तो उतरतो. समोरचा "सेठ, कुछ तो बोलो" म्हणाला की सौदा झालाच समजायचं.

घरी मुलगी आणि मी. ती विशीतली आहे, स्वमग्न आहे, बोलत नाही. तिची आई गेल्यापासून घरात आवाज माझा एकट्याचाच.

गेल्या उन्हाळ्यात सफाळ्याच्या मोठ्या भावाने मुलाच्या लग्नाचं आमंत्रण फोनवरच उरकलं. "तू एकटाच ये रं. पोरीला बँडचा तरास होईल, नाय का?" तिला गोंगाट सोसत नाही हे खरं. पण त्याला काळजी पोरीची नव्हती, व्याह्यांची होती. लोकांना सहकुटुंब बोलावलं, सख्ख्या भावाला सुटं. मी गेलो नाही. त्याचाही पुन्हा फोन नाही.

पालघरला एक बाई संगीतोपचार करतात. मुलीला तिथे नेऊ लागलो. बाई ढोलकीवर छोटासा ठेका वाजवायच्या आणि थांबायच्या. मुलगी खिडकीकडे बघत राहायची. मला राहवायचं नाही. "वाजव ना गं, बाई थांबल्यात." शेवटी बाईंनी मलाच बाहेर बसायला सांगितलं. मी भडकलो. भावाला ती नको, यांना मी नको. तिला माझ्याशिवाय ओळखतं कोण, असं बरंच काही बोललो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, फी ठरवताना तुम्ही केवढा वेळ गप्प बसला होतात! शेवटी मीच बोलले. तिच्यासाठी तेवढंच थांबा."

मी बाहेर जाऊन बसलो.

घरी एक ढोलकी आणली. सुट्टीच्या दुपारी दोन थापा मारल्या आणि भिंतीकडे बघत बसलो. ती ओढणीचं टोक पिळत होती. रस्त्यावरून कामगारांची बस गेली. "वाजव ना" ओठांपर्यंत आलं, गिळलं. पंखा फिरत होता. मग तिचा हात ढोलकीवर आला. दोन थापा, माझ्यासारख्याच. मी पुन्हा वाजवलं. तिनं पुन्हा उत्तर दिलं.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. भावाचं नाव समोर आलं. तो नुसतं "बरं" म्हणाला असता, तर ते मला झेपलं नसतं. फोन पालथा ठेवला.

तोवर तिनं ढोलकी आपल्याकडे ओढून घेतली होती. माझ्याकडे पाठ करून ती एकटीच वाजवत होती. मी भिंतीला टेकून बसलो, ती कधी थांबते आणि माझी पाळी कधी येते त्याची वाट बघत.