शेवटची चौदा पानं

आमच्या ह्यांनाही हे ठाऊक नव्हतं. माझ्या पर्सच्या कुठल्या कप्प्यात आवळासुपारी आहे, हे डोळे मिटून सांगणारा माणूस — पण हे न कळताच गेला. बहिणीला सांगितलं नाही, लेकाला नाही. देवापुढेही मी होऊन तोंड उघडलं नाही. त्याला माहीत असेल तर असेल. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून. एवढं कारण पुरे नाही का?

मागच्या महिन्यात पुण्याहून नात आली होती. नववीत आहे. पुस्तक बघितलं की हिला जांभई येते, आईनं सगळे उपाय करून झालेत. तर ही बया शाळेच्या वाचनालयातून माझंच पुस्तक घेऊन आलेली, आणि दोन दुपारींत तिनं ते संपवलं. मग माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "आजी, रिया खरीच आहे का गं?"

मी कानातलं मशीन काढून उशाशी ठेवलं आणि ऐकूच न आल्यासारखी भिंतीकडे बघत राहिले. बहात्तराव्या वर्षी एवढी एक सोय होते.

तर ते पुस्तक. नाव सांगत नाही. तुमच्या घरात कुणी न वाचणारं पोर असेल तर तुम्हाला माहीतच असेल. पातळसं, मोठ्या टायपातलं. सांगलीतली रिया नावाची मुलगी, अकरावी सायन्स, घरच्यांनी क्लासला घातलेली — आणि ती क्लास बुडवून एसटीनं इस्लामपूरला जाते, मोबाईल दुरुस्त करायला शिकते. बास. ज्यांनी आयुष्यात पाठ्यपुस्तकाशिवाय काही वाचलं नाही, ती पोरं हे पुस्तक वाचतात. शिक्षक तसं कळवतात. मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले. एका शाळेनं तर व्यासपीठावर माझी ओळख करून देताना 'वाचनाची डॉक्टरीण' म्हटलं, आणि मी मान खाली घालून लाजले होते. कशी लाजले असेन, आठवलं की अजून तोंड कडू होतं.

तेव्हाच्या ह्या बाई, म्हणजे मी, बघायला हव्या होत्या तुम्ही. नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. केसांना काळी मेंदी, कपाळावर रुपयाएवढी टिकली, खांद्याला खादीची झोळी — झोळीत काय, तर डबा आणि गुडघ्याचं तेल. पण चालणं असं, की आत अख्खं मराठी साहित्य आहे. कुणी साधं 'बऱ्या आहात का' विचारलं, तरी उत्तराआधी दोन क्षण खिडकीबाहेर बघायच्या. मी त्या बाईला ओळखते. ओळखते म्हणूनच सांगते, तिच्यावर विश्वास ठेवायला नको होता. पण ठेवला. एका मुलीनं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचं बाकी सगळं मी लिहून छापलंय.

विश्रामबागेत आमच्या मागच्या गल्लीत राहायची. वडील लष्करात सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावाकडे ऊस, पण पोरीच्या शिक्षणासाठी सांगलीत घर केलेलं. अकरावीत मराठीत नापास झाली, म्हणून माझ्याकडे पाठवली. पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे एक नावाजलेली कादंबरी ठेवली. तिनं अर्धं पान वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, असलं कोण बोलतं ओ?"

मग मी एक युक्ती काढली. तिनं बोलायचं, मी लिहून घ्यायचं — तिच्याच शब्दांत, एक शब्द न बदलता. दुसऱ्या दिवशी तिनं तेच मोठ्यानं वाचायचं. स्वतःचं बोलणं कागदावर बघून आधी ती हसली. मग वाचायला लागली. मग घरी न्यायला लागली. तीन-चार महिन्यांत ती वहीची वही सलग वाचत होती. हे खरं आहे. ती युक्ती चांगली होती, आणि ती माझी होती. चांगलं म्हणावं असं मी त्या मुलीच्या बाबतीत केलं, ते एवढंच.

आणि ती बोलायची काय? तर हेच. क्लास बुडवते ते. आठवड्यातून तीनदा इस्लामपूर, कारण सांगलीत कुणीतरी बघणार. तिथे स्टँडजवळच्या एका दुकानात भिंग लावून बसायचं, स्क्रू बाटलीच्या झाकणात ठेवायचे, सोल्डरिंगचा चटका बसला की बोट तोंडात घालायचं. दुकानदार एक तिशीचा माणूस. त्याची बायको मागच्या खोलीत शिलाई करायची. तिचं मशीन आणि ह्या दोघांचं काम, दोन्ही एकाच दाराच्या अलीकडे-पलीकडे. चार वाजता चहा करून ती ह्या दोघांतच येऊन बसायची. ही तिला वहिनी म्हणायची. मुलीला सांगलीत दुकान काढायचं होतं, फक्त बायकांच्या मोबाईलचं. का? तर म्हणाली, मॅडम, बायकांचे फोटो असतात ओ आत, कुठल्या बाप्याच्या हातात देणार?

मला हे सुचलं नसतं. मला तेव्हा फक्त सुभाषितं सुचायची.

बारावी झाल्यावर तिनं वडिलांना स्वतःच सगळं सांगितलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरातला बंद पडलेला रेडिओ त्यांनी तिच्यापुढे ठेवला, आणि तिनं तो चालू करून दिला. सिग्नलचा माणूस — त्याला कळलं. त्यांनी शंभर फुटी रोडला एक गाळाही बघून ठेवला. म्हणजे सगळं झालं होतं. माझी काही गरज उरली नव्हती. हे लक्षात ठेवा.

त्या वह्यांचं पुस्तक करायचं मी तिला विचारूनच ठरवलं. ती खूश झाली. पण पुण्याच्या प्रकाशकांनी कळवलं, शेवट थंड आहे, एक मुलगी मोबाईल दुरुस्त करते, पुढे काय? पोरं शेवटापर्यंत जायची नाहीत. मग मी दोन दुपारी बसले आणि शेवटची चौदा पानं लिहिली. दुकानदाराला तेविसाचा केला. रिया आणि तो. कराडला प्रीतिसंगमावर भेटणं, हात हातात घेणं, एकदा रात्रीची शेवटची, मुक्कामाची गाडी चुकणं. आणि वहिनी — तिला मी काढून टाकली. तिचं शिलाई मशीन, चहा, सगळं. चार ठिकाणी तिचा उल्लेख होता, चारही ठिकाणी काट मारली. हात अडखळला का? नाही. उलट वाटलं, आता हे पुस्तक झालं.

अख्ख्या पुस्तकात मी लिहिलेलं म्हणाल तर तेवढंच. बाकी तिचं.

छापून आलं तेव्हा तिनं वाचलं. माझ्याच बैठकीत, सलग. मग म्हणाली, "मॅडम, वहिनी कुठं गेल्या?" मी सांगितलं, कथेत तसं करावं लागतं. ती बराच वेळ पुस्तक उलटंसुलटं करत राहिली. म्हणाली, "चालंल. पण कार्यक्रमात कुणी विचारलं तर सगळं खोटं हाय म्हणायचं हं. पप्पांना घेऊन येणाराय मी." मी म्हणाले, हो गं बाई. शप्पथ घ्यायचीच काय ती राहिली होती.

पुस्तकाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. मुद्दाम नववीची 'ड' तुकडी बसवलेली — तुम्हाला माहीतच असेल, 'ड' म्हणजे ज्यांच्याकडून शाळेनं आशा सोडलेली असते. मी वीसेक मिनिटं वाचून दाखवलं. पोरं गप्प ऐकत होती. मग मागून एक पोरगी उठली, वेणीची रिबीन सुटलेली. म्हणाली, "बाई, ह्ये खरं हाय का? खोटं असलं तर मी न्हाई वाचणार."

सगळे हसले. मी नाही हसले. कारण तिनं नेमकं तेच विचारलं होतं, ज्याच्यावर माझं सगळं अवलंबून होतं. न वाचणारी पोरं खोटं वाचत नाहीत हो. वाचणाऱ्यांना चालतं, ह्यांना नाही. नाही म्हणाले असते, तर ती खाली बसली असती आणि तिच्याबरोबर अख्खी तुकडी. तिसऱ्या रांगेत माझी विद्यार्थिनी बसली होती, शेजारी वडील, इस्त्रीचा सदरा घातलेले. ती माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती — नाही म्हणा, नाही. हसत होती. मी नाहीच म्हणणार याची तिला खात्री होती.

मी म्हणाले, "अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि ती मुलगी आपल्या सांगलीचीच आहे."

टाळ्या झाल्या. सुभेदारांनीही वाजवल्या. पोरांनी पुस्तकांवर उड्या टाकल्या. स्थानिक पेपरात चौकटीत आलं. मी तिसऱ्या रांगेकडे परत बघितलं नाही; सह्या करायच्या होत्या.

इथे थांबले असते तरी मी तुम्हाला सांगितलं असतं का? कदाचित असतं. गर्दीत माणूस वाहवतो, म्हणून हसून सांगितलं असतं. पण मी इथे थांबले नाही.

दहाएक दिवसांनी सुभेदार घरी आले. सकाळची वेळ, मी शेंगा सोलत होते. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं. चहा नको म्हणाले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, मला वाचायचा सराव न्हाई," ते म्हणाले. "जिंदगीत ह्ये पहिलंच पुस्तक वाचलं. आठ दिवस लागलं. पोरीनं क्लास बुडवला त्ये मला ठाव हाय, त्याचं काय न्हाई. मला फक्त ह्ये मागचं विचारायचं हाय. ह्ये बी खरंच हाय का? ती न्हाई म्हणती. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं."

तुमी म्हणाल तसं. बघा म्हणजे. चौदा पानं मी घातली, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द तोंडात होते — अगदी जिभेवर. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? पेपरातली चौकट आली. दुसरी आवृत्ती छापायला गेलेली. हा माणूस चार ठिकाणी बोलणार, बाईंनी खोटं लिहिलं म्हणणार. हे आलं. मुलगी मनात आलीच नाही. नंतर मी पुष्कळदा आठवून बघितलं, की आली असेल, निदान क्षणभर. नाही आली.

मी म्हणाले, "साहेब, मी खोटं लिहीत नाही."

ते उठले. हात जोडले. पुस्तक स्टुलावर ठेवून गेले.

संध्याकाळी ती आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, पप्पांना एक फोन करा. मला चांगली म्हणू नका, काय नको. वहिनी होत्या, एवढंच सांगा." मी म्हणाले, करते. आत जाऊन शेंगांची टरफलं आवरली. फोन शेजारच्या टेबलावर होता. मग देवापाशी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता उशीर झाला. आणि मग खरोखरच झाला.

दोन महिन्यांत तिचं लग्न लावलं, तिकडे माण तालुक्यात दिली. पत्रिका मला आली नाही. इस्लामपूरच्या दुकानात जाऊन सुभेदारांनी तमाशा केला असं कानावर आलं. दुकान पुढे बंद झालं. वहिनीचं काय झालं, मी विचारलं नाही. शंभर फुटी रोडच्या त्या गाळ्यात आता दुधाची डेअरी आहे. मी पिशव्या तिथूनच आणते. काही वाटतं का? सुरुवातीला वाटायचं. आता दोन पिशव्या घेते, एक निळी आणि एक हिरवी.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. चौदा पानं तशीच आहेत. कितीदा तरी काढता आली असती, एका पत्राचं काम होतं.

दोन वर्षांपूर्वी कराडला एका लग्नात ती भेटली. अंगानं भरलेली, हातात ताट, जवळ एक लहान मुलगी. मी बघितलंच नाही असं दाखवून कोशिंबीर वाढून घेत राहिले, पण तीच समोर आली. वाकून नमस्कार केला. मंगल कार्यालयात सगळ्यांदेखत. आवं मॅडम, बऱ्या हाय न्हवं, म्हणाली. बोलणं तिकडचं झालं होतं.

आणि मी काय विचारावं? जगात इतके प्रश्न पडलेत. ह्या बयेनं विचारलं, "काय वाचतेस हल्ली?"

"न्हाई वाचत मी काय," ती म्हणाली. रागानं नाही. मीठ नको म्हणावं तसं. मग मुलीला पुढे केलं, हिला नमस्कार कर म्हणाली, आणि पंगतीत जाऊन बसली.

मी ताट घेऊन उभी होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — हायसं वाटलं. ती वाचत नाही. पेपर नाही, पुस्तक नाही. म्हणजे मी कधी हे लिहिलंच, तर सगळे वाचतील आणि ती वाचणार नाही.

त्या भरवशावरच लिहिलंय.