बाईंना न दाखवलेल्या तीन डिश

डॉ. लीलाबाईंना मी प्रथम पाहिलं ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे. मेंदूतल्या गाठींवर संशोधन करणारी त्यांची मुंबईतली प्रयोगशाळा तेव्हा नावारूपाला आली होती. मी पालीजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. इंग्रजीत बोलायची घोकंपट्टी करून गेलेलो. त्यांनी मराठीत विचारलं, "भात लावलंयस कधी?" मी हो म्हणालो. "मग तासन्‌तास मान खाली घालून काम करायला जमेल तुला," असं म्हणून त्यांनी मला घेतलं. बाई मूळच्या मुरुडच्या कोळीवाड्यातल्या. गावाहून आल्या की आम्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी सुक्या जवळ्याची चटणी आणत, आणि कुणी वासाने नाक मुरडलं तर प्रयोगशाळेच्या बाहेर आमच्याबरोबर पंगतीला बसत.

विषय अवघड, पण बाई तो कुणालाही समजावून सांगत. एकदा त्यांचे थोरले बंधू, बोटवाले नारायणदादा, भेटायला आले. बाई त्यांना म्हणाल्या, "दादा, पेशीला वाढायचा हुकूम बाहेरून येतो. काम झालं का हुकूम थांबतो. या गाठीत तो थांबतच न्हाय." दादांनी जरा विचार केला. "म्हंजे इंजिनाचा दांडा फुल्लवर अडकलाय. तो सोडवला का बोट गप व्हनार?" "व्हय, तेच तर बघतोय आम्ही," बाई म्हणाल्या.

तो हुकूम बंद पाडणारं एक औषध आम्ही गाठीतल्या पेशींवर तपासत होतो, आणि ते काम माझ्याकडे होतं. पेशी वाढवायच्या बहुतेक सगळ्या चपट्या डिशमध्ये वाढ थांबली. काही आठवड्यांनी तीन डिशमधल्या पेशी मात्र, औषध असूनही, पुन्हा वाढू लागल्या. माझा आलेख इतका देखणा जमला होता की त्या तीन मला नकोशा झाल्या. औषध घालताना आपलंच काहीतरी चुकलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली, वहीत 'बुरशी लागली' असं लिहिलं आणि त्या टाकून दिल्या. आपल्याला दाखवल्याशिवाय एकही डिश टाकायची नाही, हा बाईंचा कडक नियम होता.

शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की एका वाटेने येणारा हुकूम बंद केला तर यातल्या काही पेशी दुसऱ्या वाटेने तो घेतात आणि वाढत राहतात. बहुधा माझ्या तीन डिश हेच सांगत होत्या. एका परिषदेत एका गृहस्थांनी भर सभेत विचारलं, हे बाईंच्या लक्षात आलं कसं नाही? बाई उभ्या राहिल्या. "प्रयोगशाळा माझी आहे, तेव्हा चूकही माझी," एवढंच बोलल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उठलो नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते. 'यांच्या नजरेतून ते निसटलं' हे बोलणं बाईंना निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. मी मात्र त्याच निबंधाच्या जोरावर प्राध्यापक झालो.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला बाईंच्या सहनशीलतेवर लिहायला सांगितलं. कागद पुढे घेऊन बसलो, पण एक ओळ लिहवेना. शेवटी एसटी धरून मुरुडला गेलो. बाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील, या तयारीने गेलो होतो. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि पुढे सरकून विचारलं, "कशा दिसत होत्या रे त्या पेशी? आकार बदलला होता का?"

मी म्हणालो, "बाई, मी नीट पाहिल्याच नाहीत."

बाईंनी वाल पुन्हा सोलायला घेतले. मग म्हणाल्या, "जेवून जा." हे छापू का, असं मी निघताना विचारलं. "छाप. शिकणाऱ्या मुलांना उपयोग होईल."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या बाईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, असंच कुतूहल घेऊन त्या शंभरी पाहोत, ही मनापासून इच्छा. त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यामुळे त्यांना आता कधीच मिळणार नाही. निदान बाईंच्या नजरेतून काही निसटलं असं जे आजवर समजत आले, त्यांना एवढं सांगतो: बाईंनी त्या डिश पाहिल्याच नव्हत्या. मी त्या त्यांना पाहू दिल्या नाहीत.