धुतलेली वाटी

बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे जर्मनीत ब्योब्लिंगेनला आले, तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. फेब्रुवारी होता. माझी यादी तयार होती: विमा, लोकरी मोजे, रक्तदाबाच्या गोळ्या, पाहुण्यांची खोली रिकामी करणे. बाबांनी आल्या आल्या बॅगेतून एक सुती रुमाल काढला. वाळून पापडासारखा कडक झालेला. आईनं लावलेल्या शेवटच्या दह्यातून ते रोज चमचाभर विरजण राखत आले होते, आणि निघण्याआधी त्यात हा रुमाल भिजवून सावलीत वाळवला होता.

त्याच संध्याकाळी रुमाल कोमट दुधात बुडाला. दुसऱ्या दिवशी दही लागलं. आईच्याच हातचं, किंचित गोडसर. बाबांनी जेवताना दोनदा वाढून घेतलं. मी रुमाल साठ अंशांवर मशीनमध्ये टाकला.

घरी बिअर करायचा मला छंद आहे. सगळं रीतसर, कस्टम्सच्या कचेरीला कळवून. इथे घरच्यापुरत्या बिअरलाही ते लागतं. एल नावाच्या बिअरच्या यीस्टला साधारण वीस अंश मानवतात. हिवाळ्यात केलर, म्हणजे तळघर, त्याला फार गार, म्हणून मी बिअर आंबवायची बादली पाहुण्यांच्या खोलीत ठेवायचे. पण आता तिथे बाबा होते आणि त्यांच्या हाइत्सुंगचं, हीटरचं, बटण कायम पाचवर. खोलीत सत्तावीस अंश. एवढ्या उष्णतेत नेहमीच्या यीस्टची बिअर बिघडते, नेलपॉलिशसारखा वास येतो. मग मी नॉर्वेकडच्या शेतकऱ्यांच्या घरांतलं एक यीस्ट मागवलं. ते पस्तीस अंशांतही मजेत असतं आणि चार-पाच दिवसांत काम उरकतं.

"म्हणजे गारठ्यात रुसणारं," बाबा म्हणाले. "विरजणच की हे!"

तिकडे पूर्वी हे यीस्टही कापडावर वाळवून ठेवत, असं मी सांगितलं.

"बघ! आणि माझ्या रुमालाला हसत होतीस."

"हसले नव्हते, बाबा. धुतला फक्त."

"धू बाई. त्याचं काम झालंय."

बाबांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. "आणि माझी लेक मला दारूच्या बादलीशेजारी झोपवतेय," असं ते पुण्याच्या मित्राला फोनवर मोठ्यानं सांगत. पण बादलीला आईची शाल त्यांनीच गुंडाळली. झाकणावरच्या नळीतून सारखी बुडबुड चाले. त्रास होतो का, म्हणून मी विचारलं.

"छे गं. खोलीत कुणीतरी बोलत असतं."

बाटल्या भरायचा दिवस शनिवार. फ्रीजवर चौदा कलमांची यादी लावली होती. पहिलं कलम: भांडी निर्जंतुक करणे. बिअरमध्ये चुकार जंतू शिरला तर सगळी मेहनत वाया, म्हणून या कलमाला माझ्याकडे सूट नाही. बाबा फिरायला गेले होते. मी ओट्यावरचं सगळं गोळा केलं. नरसाळं, डाव, चमचे, वाट्या. एका झाकलेल्या वाटीच्या तळाशी थोडं पांढरं होतं. विसळली, घासली, द्रावणात बुडवली. खूण केली. शेवटचं कलम होतं यीस्ट राखून ठेवणे. तेही नीट केलं. बादलीच्या तळाचा साका बेकिंग पेपरवर पसरला, तारखेची चिठ्ठी लावली.

बाबा आले, कोट काढला, ओट्याशी गेले.

"अगं, वाटी कुठाय?"

मी सिंककडे बोट केलं, आणि बोट खाली येईपर्यंत मला कळलं. आदल्या दिवशी उरलेल्या सगळ्या दह्याची कढी झाली होती; विरजण तेवढंच होतं. बाबांनी वाटी उचलली. पालथी केली. पुन्हा सरळ केली.

"चकचकीत निघाली," ते म्हणाले.

"बाबा, मला वाटलं..."

"असू दे. पुण्याला आहे की. आईनं फ्रीजरमध्ये एका डबीत ठेवलंय."

मला केवढं हायसं वाटलं! त्याच संध्याकाळी मी डिसेंबरच्या पुणे भेटीची यादी उघडून लिहिलं: फ्रीजरमधली डबी, नवा सुती रुमाल.

मे महिन्यात बाबा परत गेले. दर रविवारी फोनवर मी विचारायचे, "दही लागतंय ना?"

"लागतंय की. मस्त."

डिसेंबरात पुण्याला पोचल्यावर चहाआधी फ्रीजर उघडला. मटारची पिशवी, खोवलेलं खोबरं, बर्फाचा ट्रे. सगळं बाहेर काढून पाहिलं. डबी नव्हती. खाली फ्रीजच्या कप्प्यात डेअरीच्या दह्याचा प्लास्टिकचा डबा होता. अर्धा संपलेला. त्याच्यामागे तसाच एक रिकामा, धुऊन ठेवलेला.

"सापडलं का गं?" बाहेरून बाबांनी विचारलं. वर्तमानपत्राची सळसळ थांबली होती.

"सापडलं," मी म्हणाले.

मी डेअरीचं दही वाटीत काढलं, इस्त्री केलेला नवा रुमाल त्यात बुडवला आणि गॅलरीतल्या दोरीवर घातला. बाबा उठून आले. रुमालाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग खिडकीतल्या टोपलीतून दोन चिमटे घेतले आणि दोन्ही टोकांना लावले.

"वारा आहे," ते म्हणाले.