कोपऱ्यात एक माणूस कमी

विमान ढगांतून खाली उतरलं ते थेट ओल्या धावपट्टीवरच. वर लख्ख ऊन होतं आणि खाली सगळी पिचपिच. मार्च लागला होता. नागपुरात एव्हाना माठ बाहेर निघाले असतील, आणि इथे सिएटलच्या विमानतळावर माझा धाकटा भाऊ मिलिंद माझ्यासाठी लोकरी कोट हातावर घेऊन उभा होता. कित्येक वर्षांनी भेटत होतो. पाया पडला, डोळे पुसले, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागते न लागते तोच म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. इथे मला सगळे राम म्हणतात. मिलिंद राम. रामटेके त्यांना म्हणता येत नाही ना."

"कुणाला? अमेरिकनांना?"

"हं." मग थोडं थांबून, "आपल्या मराठी लोकांतही तेच चालतं. कुणी विचारलं तर नुसतं नागपूर म्हण. वस्तीचं नाव नको."

रामटेके म्हणायला मराठी जिभेला काय अवघड आहे, हे मी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे हे आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तीस-पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि ते आडनाव रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं.

मिलिंद राहतो ते बॉथेल हे सिएटलला लागून असलेलं गाव. उंच काळपट झाडं, त्यांच्या पायाशी हिरवळ, हिरवळीवर घरं. रस्त्यावर माणूस दिसलाच तर त्याच्या हातात कुत्र्याची दोरी, आणि कोण कुणाला फिरवतंय ते सांगणं कठीण. दक्षिणेला म्हणे एक मोठा बर्फाचा डोंगर आहे. आकाश मोकळं झालं की लोक एकमेकांना सांगतात, "आज डोंगर बाहेर आलाय." मी होते तोवर तो काही बाहेर आला नाही. मिलिंद विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याची बायको सुजाता हॉस्पिटलात नर्स. त्यांची दहा वर्षांची मुलगी सोनाली मला आत्या म्हणते, तिला माझं मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते.

पहिल्याच शनिवारी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे जेवण होतं. मी डबा भरून पाटवड्या (बेसनाच्या वड्या, वरून खोबरं) नेल्या. त्यांच्याकडे सावर क्रीमचं (तिकडच्या आंबट सायीचं) श्रीखंड होतं, आणि खोटं कशाला बोलू, उत्तम होतं. कुलकर्णी काकू मनमोकळ्या. मला आग्रह करकरून वाढत होत्या. वाढता वाढताच त्यांनी विचारलं, "राम म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही? आपल्यातलेच ना?"

हा 'आपल्यातले' शब्द सातासमुद्रापार विनाव्हिसा येतो.

"नागपूरकडचे," मी म्हटलं. मिलिंद श्रीखंडाच्या वाटीत बघत होता. काकूंनी आणखी एक पुरी वाढली. दुसऱ्या दिवशी माझा डबा चकल्यांनी भरून परत आला.

ते वर्ष त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं होतं. खरी लढत पुढे होती. आधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरवतो, आणि त्यांतल्या एका पक्षात एक उपरा उभा राहिला होता. कृष्णवर्णीय, कधी कुठलं पद न भूषवलेला, पक्षातल्या बड्या मंडळींना नको असलेला. हॉटेलातल्या चादरी बदलणाऱ्यांविषयी, बस चालवणाऱ्यांविषयी बोलायचा. टीव्हीवर त्याचं भाषण लागलं की मिलिंद आवाज वाढवायचा, आणि दाराची बेल वाजली की कमी करायचा.

कुलकर्णी काका येऊन बसायचे. "बोलतो छान हो, नो डाउट. पण निवडून येणार का? मत वाया घालवायचं, दुसरं काय!"

"करेक्ट आहे, काका," मिलिंद म्हणायचा.

एकदा ते गेल्यावर माझ्याबरोबर भांडी पुसता पुसता हाच मिलिंद म्हणाला, "ताई, खरं सांगू? या माणसाला व्होट करता यावं म्हणून मी यंदा सिटिझन झालो. इतकी वर्षं ढकलत होतो."

"मग दे की मत. अडलंय कुठे? आपल्या वस्तीने तर हरणाऱ्याला मत देण्यात जन्म घालवला."

"इथे चिठ्ठी नसते गं. या स्टेटमध्ये कॉकस असतं (मोहल्ल्याची निवडसभा). शाळेत जमायचं आणि ज्याला पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर. कुलकर्णी असणार, माझा मॅनेजरही याच एरियातला आहे."

मला हसू आलं. आमच्याकडे मत गुप्त आणि जात उघड. याने जात गुप्त ठेवली, तर मत उघड द्यायची पाळी आली.

सभा संध्याकाळी होती. सुजाताची ड्यूटी होती, म्हणून सोनाली आणि मी मिलिंदबरोबर गेलो. शाळेच्या जेवणघरात दुधाचा आंबूस वास, भिंतींवर मुलांची चित्रं, आणि प्रत्येक कोपऱ्यात एका उमेदवाराचं नाव चिकटवलेलं. एका कोपऱ्यावर लिहिलं होतं, 'अजून ठरलेलं नाही'. अध्यक्ष म्हणजे चष्मा दोरीला बांधलेल्या एक आजीबाई. त्यांनी नियम सांगितला: ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमणार नाहीत तो कोपरा मोडायचा, आणि तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. पाहुण्यांनी भिंतीकडच्या बाकावर बसायचं.

कुलकर्णी पतिपत्नी भक्कम उमेदवाराच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. मिलिंद 'अजून ठरलेलं नाही' मध्ये. उपऱ्याच्या कोपऱ्यात मोजकी माणसं: कॉलेजातली काही मुलं, एक म्हातारा लाकूडतोड्या आणि बस कंपनीचा गणवेश घातलेली एक काळी बाई. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. हात हलवून म्हणाली, "अशी बाजूला का बसलीस गं? ये इकडे."

नियम मला चांगला कळला होता. पण कुणी तोंडावर 'ये' म्हटलं की बसून राहायची आपल्याला सवय नाही. शिवाय अशा कोपऱ्यात मला कुणी इतक्या सहज कधी बोलावलं नव्हतं. मी उठले आणि जाऊन उभी राहिले.

आजीबाईंनी डोकी मोजली. माणसं बरोबर पुरली. मुलांनी टाळ्या पिटल्या, बसवाल्या बाईने माझा खांदा दाबला. मग आजीबाई एकेकाला नाव-पत्ता विचारत आल्या.

"शकुंतला रामटेके," मी वर्गात हजेरी घ्यावी तशा खड्या आवाजात सांगितलं. त्यांना स्पेलिंग हवं होतं. मी एकेक अक्षर सुटं करून दिलं.

"कुठल्या रस्त्यावर राहता?"

"नागपूर. इंडिया."

हशा पिकला. आजीबाई मात्र ओशाळल्या. "माफ करा हं, तुम्हाला मोजता येणार नाही." मी बाजूला झाले आणि कोपऱ्यात एक माणूस कमी पडला.

बसवाल्या बाईने न ठरलेल्यांकडे बघून विचारलं, "फक्त एक हवा. आहे कुणी?" तिचे डोळे फिरत फिरत मिलिंदवर थांबले.

पलीकडून कुलकर्णी काका मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "रामटेके का? अरे, मग आधी सांगायचं ना मिलिंद! आम्हाला काय त्याचं!"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मला वाटलं, आता हा येईल. पंधरा पावलांचंही अंतर नव्हतं. मी मनात म्हणत होते, ये बाबा, ये. मिलिंद फरशीकडे बघत राहिला. मग चालू लागला आणि कुलकर्ण्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याला जागा करून दिली.

तो कोपरा मोडला. मुलं इकडे तिकडे पांगली. बसवाली बाई दुसऱ्या कुठल्याच कोपऱ्यात गेली नाही. तिने कोटाची बटणं लावली, मला म्हणाली, "तू आलीस, बरं वाटलं," आणि बाहेरच्या पावसात निघून गेली.

गाडीत सोनालीने विचारलं, "डॅड, व्हाय डिडन्ट यू जस्ट वॉक ओव्हर?"

"सीट बेल्ट लाव," मिलिंद म्हणाला.

पुढचे दिवस त्याने मला खूप फिरवलं. समुद्र, बोटी, मासळीबाजार, ट्यूलिपची शेतं. फुलं सुंदर होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कुलकर्ण्यांकडे मी पुन्हा पाटवड्या पाठवल्या. या वेळी डबा स्वच्छ घासून रिकामा परत आला. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काकू विसरल्या असतील, मी म्हटलं. सुजाताने डबा फडताळात ठेवून दिला.

विमानतळावर निरोप घेताना मला राहवलं नाही. "नाव तर फुटलंच होतं रे. मग का नाही आलास?"

मिलिंद रागावला नाही. "ताई, तू उभी राहिलीस, कारण तुला परत जायचं होतं," तो म्हणाला. "मला इथेच राहायचंय."

मी लोकरी कोट त्याच्या हातावर परत ठेवला आणि आत गेले. मी नागपूरला परतले तेव्हा ऊन कडक झालं होतं. वस्तीतल्या बायका विचारायच्या, मिलिंद कसा आहे? सुखात आहे, मी सांगायचे. त्या खूश व्हायच्या. आपला एक तरी पोरगा सुटला, म्हणायच्या. माणूस पुरेसा लांब गेला की सुटतो, असं मलाही वाटायचं. त्याच आशेवर मी त्याला शिकवलं, परदेशी धाडलं. आता वाटत नाही, आणि हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

उन्हाळा सरला तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे (आमच्या गल्लीत फोन तेवढा तिथेच) मिलिंदचा फोन आला. मी पदर सावरत धावले. तब्येत, सोनालीची शाळा, सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, "ताई, पक्षाचा निकाल लागला. तो हरला. तसंही माझ्या एका मताने काय होणार होतं!"

त्याच्या आवाजात दुःख असतं तर मी त्याची समजूत घातली असती. माझा भाऊ सुटकेचा श्वास टाकत होता.